भुईमूग-सोयाबीनची मर आणि ट्रायकोडर्मा: खरंच फरक पडतो का?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. रान लातूर जिल्ह्यात, मध्यम काळी जमीन, खरिपात सोयाबीन आणि त्यावर हरभरा हेच वर्षानुवर्षं चालू आहे, विहिरीला पाणी असलं की एका तुकड्यात उन्हाळी भुईमूग, टीएजी-२४ वाण. आता त्या तुकड्यात आऱ्या (फुलातनं निघून जमिनीत शिरणाऱ्या, शेंग धरणाऱ्या काड्या) सुटायच्या टायमाला झाडं मरायलेत. आधी एखादी फांदी मलूल होते, मग सगळं झाड वाळतं, उपटायला गेलं की वरचं हातात येतं आणि शेंगा मातीतच राहतात. बुडाशी पांढऱ्या धाग्यांची जाळी आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसतात. दुकानात गेलं की आळवणीचं महागडं बुरशीनाशक देतात, ते ओतलं की थोडे दिवस थांबल्यासारखं वाटतं आणि मग बाजूचं झाड धरतं.

शेजारचे एक काका म्हणायलेत ट्रायकोडर्मा नावाची मित्रबुरशी टाक. दुसरे म्हणायलेत ती नुसती पावडर आहे, पैसे वाया. मला वापरायचंय पण नीट समजून वापरायचंय. ज्यांनी स्वतःच्या रानात वापरलंय किंवा ज्यांचा यात अभ्यास आहे त्यांनी सविस्तर सांगा, कितीही लांब लिहिलं तरी वाचतो.

कृष्णाकाठचा

तुमची लक्षणं वाचून स्क्लेरोशियम नावाची बुरशीच वाटतेय, आमच्याकडं याला खोडकूज म्हणतात. मोहरीसारखे दाणे म्हणजे त्या बुरशीची पुढच्या हंगामाची सोय, ते मातीत वर्षानुवर्षं टिकतात. आमच्या सांगली भागात भुईमूग पिढ्यान्‌पिढ्या आहे म्हणून सांगतो, आधी खोल नांगरट करा, हे दाणे वरच्या थरात असले तरच उगवतात, खाली गाडले गेले की बरेचसे निकामी होतात. आणि कोळपताना माती झाडाच्या बुडावर चढवून फांद्या दाबू नका, गाडली गेलेली पानं कुजायला लागली की या बुरशीला आयतं खाणं मिळतं. टिक्क्यानं (पानांवरच्या ठिपक्यांच्या रोगानं) पानगळ झाली की खोडकूज वाढते ती त्यामुळंच, वाळत्या पानांचा वास लागला की ते दाणे जागे होतात.

ट्रायकोडर्मा मी वापरतो, बीजप्रक्रिया आणि शेणखतातून दोन्ही. फरक आहे. पण मर लागल्यावर ओतून नाही.

बुरशीवाली

वनस्पती रोगशास्त्रात एम.एस्सी. केलंय आणि सध्या याच कामात आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

दादा, तुमचे दोन्ही शेजारी आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण ट्रायकोडर्मा हा जीव आहे. पाकिटात जिवंत असेल, रानात जगायला ओल आणि खायला सेंद्रिय पदार्थ असेल आणि रोगाच्या आधी पोचला असेल तर तो काम करतो. यातलं एक जरी हुकलं तर ती खरंच नुसती पावडर.

तो करतो काय ते सांगते. काचेच्या बशीत बटाट्याच्या अर्काचं खाद्य घालून एका बाजूला स्क्लेरोशियमचा तुकडा ठेवला आणि दुसऱ्या बाजूला ट्रायकोडर्माचा, तर दोघं पांढरे पसरत मध्यावर येऊन भिडतात आणि तिथून पुढं ट्रायकोडर्मा समोरच्यावर चढत जातो, हळूहळू सगळी बशी हिरवी दिसायला लागते. भिडल्या जागेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की त्याचे बारीक धागे रोगाच्या जाड धाग्याला वेटोळे घालून बसलेले दिसतात, आणि जाड धागा जागोजागी आतून रिकामा झालेला असतो. कायटिनेज आणि ग्लुकानेज अशी विकरं सोडून तो समोरच्याची भिंत विरघळवतो आणि आतलं खातो. वाइन्डलिंग नावाच्या संशोधकानं अमेरिकेत हे १९३२ मध्येच लिहून ठेवलंय, त्यामुळे काहीतरी नवं फॅड आलंय असं समजू नका.

हे झालं खाणं. याशिवाय तो मुळाभोवतीची जागा आणि अन्न आधीच व्यापून बसतो, काही जाती ग्लायोटॉक्सिनसारखी प्रतिजैविकं सोडतात, आणि मुळाला त्याचा स्पर्श झाला की झाडाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी होते. मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, स्क्लेरोशियमसुद्धा वाढायला अतिशय वेगवान आहे. तो ऑक्झॅलिक आम्ल सोडून खोडाच्या पेशी आधी मारतो आणि मग त्या खातो. त्याला खोड सापडलं की नंतर सोडलेला ट्रायकोडर्मा मेलेलं खोड जिवंत करू शकत नाही. म्हणून पेरणीआधी आणि पेरणीसोबत, हाच त्याचा खरा वेळ.

वऱ्हाडी_सोयाबीन

ताई चांगलं सांगितलं. माझं अकोल्याकडं सोयाबीन आहे, आमच्याकडं शेंगा भरायच्या वक्ताला पावसाचा खंड पडला का झाडं गोल चकत्यात वाळून राहिली. पांढरी बुरशी गिरशी काही दिसत नाही. बुडाची साल सोलली का आतून राखाडी अन् बारीक काळे ठिपके. हे पण त्याच्यानंच जाईल का?

बुरशीवाली

@वऱ्हाडी_सोयाबीन, भाऊ हा वेगळा रोग आहे, चारकोल रॉट, बुरशीचं नाव मॅक्रोफोमिना. स्क्लेरोशियमला ऊब आणि ओल दोन्ही लागतात, याला उष्णता आणि कोरड आवडते, ३० ते ३५ अंशाला जमीन तापली आणि झाडाला पाण्याचा ताण बसला की हा उसळतो. ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया इथंही शिफारशीत आहे आणि सुरुवातीला मुळात घुसखोरी कमी होते, पण एक अडचण समजून घ्या. ज्या कोरड्या तापलेल्या मातीत मॅक्रोफोमिना जोरात असतो त्याच मातीत ट्रायकोडर्मा मंदावतो, त्याला २५ ते ३० अंश मानवतं. त्यामुळे चारकोल रॉटला ओल टिकवणं हाच निम्मा उपाय. रुंद वरंबा सरीवर पेरा, खंड पडला आणि पाणी असलं तर शेंगा भरताना एक संरक्षित पाणी द्या, झाडांची दाटी करू नका. या सगळ्याच्या जोडीला जिवाणू-बुरशी वापरा, त्यांच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका.

सेवाकेंद्र

मी कृषी सेवा केंद्र चालवतो. दुकानदार महागडंच देतात असं वर आलंय म्हणून लिहितोय, राग नाही. ट्रायकोडर्मा विकायला मला आवडतं पण अडचण अशी आहे की माल एप्रिल-मे मध्ये गोदामात येऊन पडतो, पत्र्याखाली, आणि जूनमध्ये शेतकरी नेतो. तोपर्यंत आत किती जिवंत आहे कुणाला माहीत. मी माझ्यापुरतं ठरवलंय की जूनच्या तोंडावर ताजा मागवायचा, सावलीत ठेवायचा, तारीख गेलेला परत करायचा. घेणाऱ्यानं पण पाकीट फिरवून बघावं, उत्पादनाची तारीख, शेवटची तारीख आणि कीटकनाशक कायद्याखालचा नोंदणी क्रमांक. सरकारी निकषाप्रमाणं ग्रॅममागं किमान २ गुणिले १० चा ६ वा घात म्हणजे २० लाख जिवंत बीजाणू पाहिजेत. हे काहीच छापलेलं नसेल तर कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. कृषी विद्यापीठं स्वतः बनवतात तो माल ताजा असतो, परभणीच्या विद्यापीठाचं बायोमिक्स हे मित्रजीवांचं मिश्रण तर हळद-आल्यावाले रांग लावून नेतात.

मांजराकाठ

खूप उपयोगाचं लिहायलेत सगळे. ताई, पाकीट जिवंत आहे का हे घरी तपासता येतं का? प्रयोगशाळेत पाठवणं आमच्यासारख्याला जमत नाही.

बुरशीवाली

ढोबळ तपासता येतं. मूठभर ज्वारी भिजवून कुकरला शिजवा, दाणा फुटायला नको, पूर्ण गार आणि निथळ होऊ द्या. स्वच्छ उकळून घेतलेल्या बरणीत भरा, वरून चिमूटभर पावडर टाका, तोंडाला स्वच्छ फडकं बांधा आणि घरात सावलीत ठेवा. चांगला माल असेल तर दोनतीन दिवसांत दाण्यांवर पांढरे धागे आणि चारपाच दिवसांत गडद हिरवे ठिपके पसरत जातात. काही जातींना चक्क खोबऱ्याचा वास येतो. काळं, पिवळट हिरवं किंवा गुलाबी काही आलं, किंवा आंबूस सडका वास आला तर त्यात भेसळ आहे. सोबत पावडर न टाकलेली एक बरणी ठेवा, तिच्यातही हिरवं आलं तर तपासणी बाद समजा, कारण हवेतली दुसरी बुरशी पण हिरवी असू शकते. आणि बरणीतलं हे रानात टाकू नका, लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका, जाळून टाका. किती बीजाणू आहेत ते यातून कळत नाही, जिवंत आहेत की नाहीत एवढंच कळतं.

बार्शीकर

आमचा अनुभव उलटा आहे. बीजप्रक्रिया केली, पाकीट ताजं होतं, तरी सोयाबीन उगवल्यावर रोपं मेलीच. तेव्हापासून मी कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकावर भरवसा ठेवतो, निदान दिसतं तरी काम केलेलं.

बुरशीवाली

@बार्शीकर, एक विचारू का, त्याच बियाण्याला दोन्ही लावलं होतं का?

बार्शीकर

हो, बॅगेतलं बियाणं आधीच औषधाचा रंग लावून आलेलं, वरून मी कार्बेन्डाझिम चोळलं आणि मग ट्रायकोडर्मा. दोन्हीची ताकद मिळावी म्हणून. कृषी मेळाव्यात एफआयआर सांगितलं होतं ना, आधी बुरशीनाशक मग कीटकनाशक मग रायझोबियम.

बुरशीवाली

एफआयआरचा क्रम रासायनिक औषध आणि रायझोबियमसाठी आहे आणि तो बरोबरच आहे, रायझोबियम जिवाणू आहे, बहुतेक बुरशीनाशकं त्याला तितकी बाधत नाहीत. ट्रायकोडर्मा मात्र स्वतः बुरशी आहे! कार्बेन्डाझिम रोगाची बुरशी आणि मित्रबुरशी यात फरक करत नाही, प्रयोगशाळेत अगदी कमी मात्रेलाही ट्रायकोडर्मा वाढत नाही. टेब्युकोनॅझोल, हेक्झाकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल ह्यांचंही तेच. मेटॅलॅक्सिल त्यामानानं चालतं. यात तुमची काही चूक नाही, मेळाव्यात हे सांगितलं जात नाही याचंच मला वाईट वाटतं.

म्हणून बियाणं रंग लावून आलेलं असेल तर पिशवीवर कोणतं औषध लिहिलंय ते वाचा, ट्रायकोडर्मा बियाण्याला न लावता शेणखतातून जमिनीत द्या. रासायनिक आळवणी करायची झाली तर आधी-नंतर किमान १० ते १५ दिवसांचं अंतर ठेवा. आणि रासायनिक बीजप्रक्रिया अजिबातच करायची नाही असं मी म्हणणार नाही, बियाणंच रोगट असेल तिथं थायरमसारखं औषध कामाचं आहे. दोन्ही एकाच दाण्यावर लादू नका एवढंच.

कृष्णाकाठचा

हे सोन्यासारखं सांगितलं ताई. अजून एक, सोयाबीनची साल फार पातळ असते. पाणी जास्त झालं की दाणा फुगतो, साल सुटते, उगवण बसते आणि खापर ट्रायकोडर्मावर फुटतं. भुईमुगाचं पण तसंच. गोणपाटावर बियाणं पसरायचं, गुळाचं पाणी अगदी थोडं शिंपडायचं, वर पावडर भुरभुरवायची, किलोला ५ ते १० ग्रॅम जशी पाकिटावर लिहिली असेल तशी, आणि दोघांनी गोणपाटाची टोकं धरून हलकं घोळवायचं. हातानं रगडायचं नाही. सावलीत अर्धा तास सुकवलं की लगेच पेरायचं, उन्हात ठेवलं की संपलं.

करडईवाला

सोलापूरकडून लिहितोय, करडईचा विषय कुणी काढला नाही म्हणून. करडईला फ्युजारियमची मर येते, झाडाची एक बाजू पिवळी पडते आणि मग वाळतं, खोड उभं चिरलं की आत तपकिरी रेघ. उभ्या पिकात याला औषध नाही म्हटलं तरी चालेल, बुरशी खोडाच्या नळ्यांत बसलेली असते तिथं फवारा पोचत नाही. आम्ही किलोला १० ग्रॅम ट्रायकोडर्मा लावून पेरतो, आणि त्याच रानात लागोपाठ करडई घेत नाही. हैदराबादच्या तेलबिया संशोधन संस्थेनं टीएच-४डी नावाचा ट्रायकोडर्माचा वाण काढलाय, तो एरंडी-करडईसाठीच अभ्यासलेला आहे. मिळाला तर बघा. करडई मागं पडत चाललीय, निदान मरीपायी तरी कुणी सोडू नये असं मनापासून वाटतं.

मांजराकाठ

ताई, माझ्या मातीचा सामू (पीएच) ८ च्या वर आलाय, चुनखडी पण आहे. कुणीतरी म्हटलं चुनखडीत ट्रायकोडर्मा चालत नाही. मग काय करायचं?

बुरशीवाली

चालत नाही असं नाही, पण त्याला थोडी आम्ल माती जास्त मानवते हे खरं. मराठवाड्यातल्या अशा जमिनीत मी दोन गोष्टी सुचवते. पहिली, ट्रायकोडर्मा नुसता मातीत न टाकता कुजलेल्या शेणखतात वाढवून टाका, त्याच्याभोवती त्याला मानवेल असं घर त्याच्यासोबतच जातं. दुसरी, जोडीला स्यूडोमोनास फ्लुरोसन्स घ्या. हा जिवाणू सिडेरोफोर नावाचे पदार्थ सोडतो, ते मातीतलं लोह पकडून ठेवतात. चुनखडीच्या जमिनीत झाडाला आणि बुरशीला मिळेल असं लोह आधीच कमी असतं (अशा रानात भुईमूग पिवळा पडतो तो त्यामुळंच), तिथं उरलंसुरलं लोह याच्या ताब्यात गेलं की रोगाच्या बुरशीची उपासमार होते. म्हणजे सामू जास्त असला की याचं हे हत्यार जास्त धारदार. बॅसिलस सबटिलिस हा जिवाणूपण चांगला, तो इट्युरिन, फेंगायसिन असली बुरशीरोधक द्रव्यं सोडतो आणि त्याचे बीजाणू उष्णता सोसतात, त्यामुळे पत्र्याखालच्या गोदामातही तो बऱ्यापैकी टिकतो.

शेणखतात वाढवायचं ते असं: १०० किलो पूर्ण कुजलेलं, गार झालेलं शेणखत सावलीत पसरा, १ ते २ किलो ट्रायकोडर्मा मिसळा, मुठीत दाबलं तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये एवढी ओल ठेवा, वर ओलं गोणपाट. चारपाच दिवसांनी एकदा खालीवर करा. १० ते १५ दिवसांत वापरायला तयार. कच्चं शेण वापरू नका, ते तापतं, त्यात ट्रायकोडर्मा मरतो आणि स्क्लेरोशियमचं मात्र फावतं. आणि मे महिन्याच्या कोरड्या तापल्या रानात फेकू नका, पेरणीच्या वेळी ओलीवर बियाण्याच्या ओळीत पडू द्या.

ऱ्हाईनतीर

जर्मनीत बियाण्यांच्या क्षेत्रात काम करतो, मूळ गाव परभणी जिल्ह्यात. इथं मोहरीच्या कुळातलं रेपसीड हे मुख्य तेलबिया पीक आणि त्याला स्क्लेरोटिनिया खोडकूज येते, पुन्हा तेच, मातीत टिकणारे काळे कडक दाणे. इथले शेतकरी कोनिओथायरियम मिनिटान्स नावाची बुरशी वापरतात, ती थेट त्या दाण्यांनाच आतून पोखरते. ती झाडावर फवारत नाहीत. पीक निघालं की धसकटावर किंवा पुढच्या पेरणीआधी मातीवर फवारून वरच्या थरात हलकी मिसळतात, आणि तिला दाणे शोधून संपवायला काही महिने देतात. मला त्यांचा हा दृष्टिकोन फार आवडतो, आजारी झाडाकडं बघण्याऐवजी मातीतला साठा कमी करत जायचा. आपल्याकडं सगळं लक्ष झाड वाळल्यावर जागं होतं.

वऱ्हाडी_सोयाबीन

साठ्याचं बरोबर बोलले भाऊ. मग सोयाबीन-हरभरा-सोयाबीन यानं साठा वाढून नाही राहिला काय?

बुरशीवाली

अगदी मुद्द्याचं बोललात. स्क्लेरोशियमला ५०० च्या वर यजमान वनस्पती आहेत, त्यात सोयाबीन, हरभरा, भुईमूग तिन्ही आले. @मांजराकाठ, तुमच्या रानात ही बुरशी वर्षभर जेवते आहे. ट्रायकोडर्मा कितीही ओता, तिचं ताट वाढलेलंच असेल तर दरवर्षी नव्यानं लढाई. ज्या तुकड्यात मर जास्त आहे तिथं एखाददुसरा हंगाम ज्वारी, बाजरी किंवा मका घ्या. सोयाबीन सोडणं सोपं नाही हे मला कळतं, घरचा सगळा व्यवहार त्याच्यावर असतो, म्हणून सगळं रान म्हणत नाही, तेवढा तुकडा.

कृष्णाकाठचा

शेंगेच्या आतल्या पिवळ्या बुरशीचं पण कुणीतरी सांगा, अफ्लाटॉक्सिन म्हणतात ती. व्यापारी त्यावरून भाव पाडतात.

बुरशीवाली

ती बुरशी अस्परजिलस फ्लेवस, अफ्लाटॉक्सिन हे तिचं विष. तिच्यासाठी वेगळीच युक्ती आहे, तिच्याच जातीची पण विष न बनवणारी बुरशी रानात सोडतात, ती जागा अडवते आणि विषारी भावंडाला शिरायला वाव राहत नाही. अमेरिकेत भुईमुगासाठी अफ्ला-गार्ड नावानं २००४ पासून परवानगी आहे, जवाच्या दाण्यांवर लावून देतात. आफ्रिकेत अफ्लासेफ आहे, नायजेरियात मका-भुईमुगाला वापरतात. आपल्याला हाताशी असलेले उपाय म्हणजे शेंगा पोसताना शेवटचा ताण बसू न देणं, काढताना शेंगा फुटू न देणं आणि काढल्यावर लवकर खडखडीत वाळवणं. यावर वेगळा धागा काढा, विषय मोठा आहे.

बार्शीकर

ताई तुमचं पटलं. यंदा निम्म्या रानाला एकटा ट्रायकोडर्मा लावून बघतो.

कृष्णाकाठचा

@बार्शीकर, मधे पेरणीच्या चार ओळी काहीच न लावलेल्या पण ठेवा आणि खुंट्या ठोका. पंधरा-पंधरा दिवसांनी दोन्हीकडची मेलेली झाडं मोजून वहीत लिहा. नाहीतर चांगला पाऊस झाला तरी आपण म्हणतो औषधानं झालं.

मांजराकाठ

मी असं ठरवलंय. मर असलेल्या तुकड्यात यंदा ज्वारी. बाकी सोयाबीन रुंद वरंब्यावर, घरचं बियाणं, त्याला फक्त ट्रायकोडर्मा आणि शेवटी रायझोबियम. शेणखताचा ढीग गोठ्यामागं सावलीत आजच लावतो. भुईमूग पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या तुकड्यात ठिबकवर घेणार आहे. शेवटचं एक विचारतो, ठिबकमधनं ट्रायकोडर्मा आणि स्यूडोमोनास सोडता येईल का?

बुरशीवाली

येईल, पण पावडरीतलं टाल्क (शंखजिऱ्याची भुकटी) पाण्यात विरघळत नाही, ड्रिपर तुंबतात. द्रवरूप मिळालं तर तेच घ्या. पावडरच असेल तर बादलीत कालवून तासभर ठेवा, वरचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून मगच व्हेंच्युरीला (ठिबकात खत ओढून घेणाऱ्या जोडणीला) लावा. लॅटरलला (ठिबकच्या ओळीतल्या नळ्यांना) आम्ल किंवा क्लोरीन दिलं असेल तर आधी साध्या पाण्यानं पूर्ण धुवून घ्या आणि दोनचार दिवस थांबा. संध्याकाळी सोडा, आधी अर्धा तास नुसतं पाणी, मग हे, मग शेवटी परत थोडं पाणी म्हणजे नळीत काही राहत नाही. पहिल्यांदा पेरणीनंतर आठवड्याभरात सोडा आणि दुसऱ्यांदा फुलं लागताना, आऱ्या जमिनीत शिरायच्या आधी.